बंडीच्या चाकोरीतून

धानाची कापणी आटोपून बांध्या कोरड्या पडू लागल्या, की गोंदिया जिल्ह्यातल्या कोणत्याही पांदणीवर, मग ती आमगावकडची असो की अर्जुनी-मोरगावकडची, चिखलाच्या दिवसांत उमटलेल्या आणि आता उन्हाने विटेसारख्या कडक झालेल्या दोन समांतर रेघा दिसतात. त्यांनाच आपले पूर्वज चाकोरी म्हणत. शहरातल्या मराठी माणसाने हा शब्द कंटाळवाण्या आयुष्याच्या वर्णनासाठी राखून ठेवला आहे, पण ज्याने अशा पांदणीवरून भरलेली गाडी हाकली आहे त्याला चाकोरी म्हणजे आधी जाऊन आलेल्या माणसाने मागे ठेवलेला आधार वाटतो. ह्या मुलखात यंत्राने चालणारे वाहन रानापर्यंत पोचले ते ह्याच चाकोरीतून, आणि ज्या हातांनी बंडी, म्हणजे बैलगाडी, घडवली व दुरुस्त केली त्याच हातांच्या विद्येने त्याला येथे जगवले, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा त्यापूर्वी अनेक अंमल पाहून चुकला होता: मध्य प्रांत आणि वऱ्हाड, १९५६ पर्यंत जुना मध्य प्रदेश, मग द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि १९६० पासून महाराष्ट्र. ह्या सर्व राजवटींच्या दप्तरांत ठळकपणे नोंदला गेला तो लोहमार्ग. १८८० नंतरच्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वेचे रूळ ह्या प्रदेशातून पूर्वेकडे गेले, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीने ते ब्रॉडगेज केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेस बालाघाट–जबलपूरकडे व दक्षिणेस नागभीड–चांद्याकडे नॅरोगेजचे फाटे निघाल्यावर गोंदिया हे जंक्शन बनले. लाख, तांदूळ, तेंदूपत्ता आणि विडी यांचा व्यापार तेथे एकवटला. परंतु स्थानकापासून दहा-बारा कोस आत गेले, की मालगुजार असो वा ठेकेदार, सर्वांची भिस्त बंडीवरच असे. चाकाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांना जोडणारे पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, ही रचना सुतार आणि लोहार यांनी मिळून सिद्ध करावयाची. लाल होईतो तापवलेली धाव चाकावर चढवून वरून पाणी ओतले म्हणजे ती आक्रसून पुठ्ठ्यांना अशी मिठी मारते, की एक खिळाही लागू नये. आस बहुधा धावड्याच्या लाकडाचा, कारण ते लाकूड वाकते पण सहसा दगा देत नाही. ह्या सुतार-लोहारांची नावे कोणत्याही गॅझेटियरात नाहीत, आणि जी उणीव मला सर्वांत अधिक जाणवते ती हीच.

रानापर्यंत पोचलेले यंत्राचे वाहन म्हणजे जीप, आणि ती जन्मली युद्धासाठी. अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड ह्या कारखान्यांनी १९४१ पासून युद्धसमाप्तीपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध सरता सरता, १९४५ मध्ये, कैलासचंद्र व जगदीशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मुहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. सुट्या भागांच्या स्वरूपात आलेल्या विलीज जीपगाड्या मुंबईत जोडण्याचे काम तोवर सुरू झाले होते. पुढे येथे बनू लागलेल्या ‘सीजे-३बी’ ह्या जीपचे बॉनेट सैनिकी जीपपेक्षा ठळकपणे उंच दिसते, आणि पुष्कळांना ती केवळ ऐट वाटते. वस्तुतः तिच्या ‘हरिकेन’ इंजिनात आत येणाऱ्या मिश्रणाचे व्हॉल्व वरच्या बाजूस बसवल्यामुळे इंजिनाचीच उंची वाढली, आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उचलावे लागले. १९६५ पासून महिंद्रने हलकी मालवाहू वाहनेही काढली, आणि चालकाला जवळजवळ इंजिनाच्या डोक्यावर बसवणारी चपट्या तोंडाची ‘एफसी-१५०’ ही पिकअप त्या घराण्यातली.

आमच्या भागात जीप लोकांच्या ओळखीची झाली ती सरकारी वाहन म्हणून. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपुष्टात आली, १९५२ मध्ये समाजविकास कार्यक्रम सुरू झाला, आणि गावात जीप आली म्हणजे साहेब आले असे समीकरण रूढ झाले. वनखात्याला तर जीपवाचून गत्यंतर नव्हते. १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याच्या व्यापारावर सरकारचे नियंत्रण आले, १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. ह्या प्रत्येक पावलासरशी अधिकाऱ्यांचे आतल्या रानात जाणे वाढत गेले. तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांतला. सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मुन्शी पुडे मोजून घेतो, उन्हात पसरलेले पुडे उलथवून सुकवले जातात, बोद भरले जातात, आणि मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी ते गोदामात पोचले नाहीत तर पान काळे पडून सारा हंगाम मातीमोल होतो. रस्ता सोडून आडरानात गाडी घालण्याची आज शहरांतून हौस म्हणून जी चढाओढ चालते, ती विद्या येथे पावसाशी लावलेल्या ह्या शर्यतीतून आली.

ती विद्या आधी मातीची आहे. बरडीची लाल मुरमाड जमीन भर श्रावणातही चाक धरून ठेवते, मोरंड संशयास्पद, आणि कन्हारीच्या काळ्या चिकणमातीत गाडी थांबली की रुतली. जुना चालक खाली उतरून टाचेने माती दाबून पाहतो, मग गिअरच्या दांड्याशेजारच्या दोन आखूड दांड्यांपैकी एकीने पुढचा आस जोडून घेतो आणि दुसरीने खालचा वेग लावतो. त्या खालच्या वेगात इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना आणखी जवळजवळ अडीचपट होतो, आणि गाडी माणसाच्या चालीने पण अनिवारपणे पुढे सरकते. नाल्यात पाणी असेल तर पंख्याचा पट्टा आधी काढून ठेवावयाचा, नाहीतर पंखा पाणी उडवून ठिणगी वाटणारा डेल्को भिजवतो आणि प्रवाहाच्या मध्यभागी ठिणगी विझते. ही अडचण डिझेलने मिटवली, कारण डिझेलच्या इंजिनाला ठिणगीच लागत नाही. महिंद्रच्या पहिल्या डिझेल जीपमध्ये जे इंजिन होते ते मुळात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले. पुढे प्यूजोच्या आराखड्याची इंजिने आली, आणि १९८५ नंतरची ‘एमएम-५४०’ त्यांवरच चालली. ट्रॅक्टरचे इंजिन जीपमध्ये आल्याने झाले असे, की धानाच्या मळणीपायी ट्रॅक्टरशी झटलेला खेड्यातला मिस्त्री जीपचे बॉनेट उचलताच आत ओळखीचे यंत्र पाहू लागला.

माझ्या वाट्याला आलेली जीप एका सरकारी कार्यालयाने निर्लेखित करून लिलावात काढलेली होती. लिलावात ती घेणाऱ्या शेतकऱ्याने मागचे छत कापून तिला हौदा बसवला, दहा वर्षे धानाची पोती वाहिली आणि मग ती मला दिली. एका एप्रिलमध्ये चिचगडकडच्या एका नाल्याचा उतार उतरताना पुढच्या डाव्या कमानीचा मुख्य पाटा टोकाच्या डोळ्याजवळ मोडला; आस मागे सरकला आणि चाक मडगार्डला घासून अडले. जवळच्या टोल्यावरचे एक वृद्ध गृहस्थ बंडी घेऊन चालले होते. त्यांनी उतरून, वाकून, बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हटले, “भाऊ, हे तं आमच्या बंडीवानीच मोडलं.” मग आपल्या बंडीतला धावड्याचा जाड खुंटा काढून त्यांनी तो आस आणि चौकट यांच्या मधे ठोकून बसवला, बैलांच्या नाड्याने आवळला, आणि आस पुन्हा मागे सरकू नये म्हणून माझ्याजवळची साखळी फिरवून तो चौकटीशी जखडला. सोळा किलोमीटर अंतराला चार तास लागले, पण गाडी स्वतःच्या चाकांवर परतली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मिस्त्रीने ट्रकच्या भंगारातला एक पाटा मापाने कापला, भट्टीत तापवून त्याचे टोक कांबीभोवती वळवून नवा डोळा काढला, ऐरणीवर ठोकून जुन्या पाट्यांशी त्याची कमान जुळवली. पोलादाला पाणी देणे हा आपला जुना शब्दप्रयोग, पण पाट्याला पाणी द्यावयाचे ते तेलात, कारण पाण्यात विझवलेला पाटा पहिल्याच खड्ड्यात काचेसारखा तडकतो. तेलातून काढून घासल्यावर तो पुन्हा मंद आचेवर धरला, आणि चकाकत्या पृष्ठावर पिवळा, तांबूस, जांभळा असे रंग एकामागून एक सरकत जाऊन मोरपिसासारखा निळा उमटताच बाजूस घेतला. उष्णता मोजण्याचे दुसरे साधन तेथे नव्हते. मिस्त्रीचे आजोबा बंड्यांच्या धावा चढवीत. वडिलांनी ट्रकच्या कमानी मारल्या. आणि हा रंग ओळखण्याची नजर वारशाने ह्याच्याकडे आली. तो पाटा पुढे नऊ वर्षे टिकला.

ही परंपरा आता एका अरुंद जागी येऊन ठेपली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले, आणि अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रांतच मोडीत काढावीत असा नियम झाला. जुन्या इंजिनाच्या धुरासंबंधीचा युक्तिवाद मला मान्य आहे. तो धूर मी स्वतः गिळला आहे. तरीही सरकारी कचेरीतून लिलावाच्या मार्गाने खेड्याच्या अंगणात येणारा जो ओघ होता, तो ह्या नियमाने आटला, आणि त्याबरोबर अल्प भांडवलाच्या शेतकऱ्याला चारही चाकांनी ओढणारी गाडी मिळण्याची वाटही अरुंद झाली, हे नमूद करावयास हवे. त्याच्या अंगणात आता बहुधा हप्त्याने घेतलेली बोलेरो पिकअप असते. ती अधिक माल वाहते, डांबरी रस्त्यावर अधिक वेगाने धावते. परंतु पुष्कळ गाड्यांना पुढच्या चाकांचा जोर नसतो, त्यामुळे कन्हारीच्या बांधीशी त्या धुऱ्यावरच थांबतात, आणि तेथून पोती अजून बंडीने किंवा ट्रॅक्टरने निघतात.

माझ्या मिस्त्रीच्या छपरात हल्ली ह्याच पिकअपचे काम अधिक असते. मागच्या आसाखाली पाटे असल्यामुळे भट्टी अजून विझलेली नाही. मागच्या भिंतीशी तीन जुन्या जीपगाड्यांचे पुढचे आस ग्रीस माखून, पोत्यात गुंडाळून, पावसाची ओल लागू नये म्हणून विटांवर रचून ठेवले आहेत. भंगारवाला दोनदा येऊन किलोवर भाव सांगून गेला. मिस्त्रीने त्याला चहा दिला, आस दिले नाहीत.