न दिसणाऱ्या तबकडीची कथा

जुन्या कागदपत्रांच्या नाशाचीं कारणें मोजावयास बसलें, तर वाळवी, पाऊस, आग आणि पुड्या बांधणारा वाणी हीं चार नांवें आपल्याकडे प्रथम ओठांवर येतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून, किंबहुना त्याच्याही आधींपासून, या चौघांच्या तावडींतून दप्तरें सोडविण्याचें काम महाराष्ट्रांत चाललें आहे. परंतु आपल्या काळांत कागदांवर एक पांचवें संकट ओढवूं लागलें आहे, आणि तें पहिल्या चारांहून विलक्षण आहे. या संकटांत कागदाचें एक अक्षरही पुसलें जात नाहीं. सारा ऐवज जागच्या जागीं असतो. मात्र तो कोणाला दिसत नाहीं. या प्रकाराशीं माझी गांठ कशी पडली आणि त्याचा उगम शोधतां शोधतां मला किती मागें जावें लागलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

आमच्या घरीं सातारा जिल्ह्यांतील मूळ गांवाहून आलेला मोडी कागदांचा एक रुमाल होता. वतनाचा एक निवाडा, कांहीं गहाणखतें, हिशेबाचे बंद आणि पंधरावीस खासगी पत्रें, एवढाच त्यांतील ऐवज. कोणा राजाचें किंवा सेनापतीचें नांव त्यांत नव्हतें. पण माझ्या पणजीनें पतीच्या मागें आपली जमीन भाऊबंदांच्या हातीं जाऊं नये म्हणून सरकारांत केलेल्या अर्जाची नक्कल त्यांत होती. आणि तिच्याविषयीं घरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना तेवढाच एक लेखी आधार होता. चौदा वर्षांपूर्वीं वडिलांनीं त्या साऱ्या कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं बाहेरून जोडावयाच्या एका तीन टेराबाईटच्या हार्ड डिस्कवर ठेविलीं. पुढें दोन पावसाळ्यांत वाळवीनें मूळ रुमाल फस्त केला. तेव्हांपासून ती डिस्क हेंच आमचें दप्तर झालें. दुसरी नक्कल करण्याचें राहून गेलें, हा दोष आमचा. तो कोणावर ढकलण्याचें कारण नाहीं.

गेल्या वर्षीं त्या डिस्कच्या पेटीचें तोंड, म्हणजे जेथें तार बसते ती जागा, सैल झाली. एका दुरुस्तीवाल्यानें पेटी उघडली, आंतील डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या एका साध्या जोडणीनें ती संगणकाला जोडून दिली. तबकडी फिरूं लागली, संगणकानें तिची दखलही घेतली. पण तीन टेराबाईटच्या जागीं त्यानें सुमारें साडेतीनशें गिगाबाईटचा एक अनोळखी तुकडा दाखविला आणि वर विचारलें कीं, ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय? पुतण्या शेजारीं बसला होता. तो म्हणाला, “काका, हो म्हणूं या. निदान डिस्क तरी वापरतां येईल.” मीं त्याचा हात धरला. “थांब रे. ती दिसत कां नाहीं तें आधीं कळूं दे.” या ‘कां’चें उत्तर मिळण्यास मला आठ दिवस लागले, आणि तें उत्तर विज्ञानापेक्षां इतिहासांत अधिक सांपडलें.

१९५६ च्या सप्टेंबरांत आयबीएम कंपनीनें ‘३०५ रॅमॅक’ नांवाचें यंत्र जाहीर केलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखालील मंडळींनीं त्याची तबकड्यांची चळत तयार केली होती. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्याभोंवतीं मिनिटाला बाराशें फेरे घेत. वजन एका टनाहून अधिक, साऱ्या यंत्रसंचाचें भाडें महिना ३,२०० डॉलर, आणि इतका खटाटोप करून सांठवण पन्नास लक्ष अक्षरांची! आमच्या रुमालांतील एका बंदाचें नीट घेतलेलें छायाचित्रही तींत मावेल न मावेल. तरी त्या यंत्राचें महत्त्व त्याच्या सांठवणींत नव्हतें. त्यापूर्वीं संगणकाची माहिती छिद्रें पाडलेल्या पत्त्यांवर आणि चुंबकीय फितींवर असे. गुंडाळी केलेली जन्मपत्रिका उलगडीत जावें, त्याप्रमाणें हव्या त्या नोंदीपर्यंत क्रमाक्रमानें पोंचावें लागे. रॅमॅकनें तबकडीवरील प्रत्येक खणाला क्रमांक दिला, आणि क्रमांक सांगतांच सुई नेमकी त्या खणावर जाऊं लागली.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारी कथा तिच्यावर उभी आहे. तबकडीला पत्र, छायाचित्र किंवा हिशेब यांतलें कांहींच ठाऊक नसतें. तिला ठाऊक असतात केवळ क्रमांकाचे खण. कोणत्या खणापासून कोणत्या खणापर्यंत काय आहे हें सांगणारी यादी निराळी असते, आणि ती यादीही त्याच तबकडीवर, बहुधा आरंभीं, लिहिलेली असते. यादी वाचतां आली तर दप्तर आहे. नाहीं तर नुसता खणांचा ढीग.

घरगुती संगणकाच्या जगांत या यादीचें रूप १९८३ सालीं ठरलें. त्या वर्षींच्या मार्चमध्यें आयबीएमनें ‘पीसी एक्सटी’ हा दहा मेगाबाईटची हार्ड डिस्क असलेला संगणक बाजारांत आणिला. ‘ए’ आणि ‘बी’ हीं अक्षरें फ्लॉपीच्या दोन खांचांनीं आधींच घेतलीं होतीं. म्हणून हार्ड डिस्कच्या वांट्यास ‘सी’ आलें, आणि फ्लॉपी नामशेष झाल्यावरही तें अक्षर तिला चिकटून राहिलें. डिस्कच्या अगदीं पहिल्या खणांत ६४ बाईटांचा एक छोटा तक्ता ठेविला गेला. त्यांत चारच नोंदी. प्रत्येक नोंदींत डिस्कचा एक भाग कोणत्या खणापासून सुरू होतो आणि त्यांत किती खण आहेत हे आंकडे. प्रत्येक खण ५१२ बाईटांचा, आणि खणांचा क्रमांक लिहिण्यास ३२ द्विमान अंकांची जागा. या जागेंत मोठ्यांत मोठी संख्या सुमारें ४२९ कोटींची मावते. एक्सटीच्या डिस्कवर खण होते वीस हजारांच्या आसपास. म्हणजे योजकांनीं आपल्या गरजेच्या दोन लक्ष पट मोकळी जागा सोडिली होती. त्यांना कोणी अदूरदर्शी म्हणूं नये. नातवंडांच्या संसारापुरतें घर बांधणारे लोकही एवढी ऐसपैस जागा सोडीत नाहींत.

तथापि तबकड्यांची वाढ कोणाच्याच अंदाजांत बसली नाहीं. मध्यंतरीं इतर नियमांच्या आड येण्यानें लहान लहान अडसर निर्माण झाले. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सुमारें ५२.८ कोटी बाईटांवर एक भिंत उभी राहिली, तर पुढें १३७ अब्ज बाईटांवर दुसरी. ही दुसरी पाडण्यासाठीं २००२ मध्यें पत्त्याची रुंदी २८ वरून ४८ अंकांवर न्यावी लागली. प्रत्येक वेळीं लक्षण एकच असे: मोठी डिस्क आणावी, आणि संगणकानें ती लहान दाखवावी किंवा मुळींच दाखवूं नये. गिऱ्हाइकाला वाटे, दुकानदारानें फसविलें. दुकानदाराला वाटे, डिस्क बिघडली. आणि दोघांचेंही म्हणणें खोटें असे.

अखेर २०१० सालीं तीन टेराबाईटच्या डिस्का घरोघरीं पोंचूं लागल्या आणि १९८३ चा तो तक्ता भरला. ४२९ कोटी खण गुणिले ५१२ बाईट, म्हणजे सुमारें २.२ लक्ष कोटी बाईट, ही त्याची अंतिम मर्यादा. कित्येक जुने संगणक तीन टेराबाईटची डिस्क ७४६ गिगाबाईटची म्हणून दाखवीत. मोटारीच्या मैलमापकानें सारे नऊ ओलांडून पुन्हा शून्यापासून मोजूं लागावें आणि आपण उरलेला आंकडाच खरा मानावा, तसा हा प्रकार. यावर राजमार्ग तयार होता. इंटेल कंपनीच्या पुढाकारानें ‘जीपीटी’ नांवाचा नवा, ६४ अंकी पत्त्यांचा तक्ता पूर्वींच सिद्ध झाला होता. पण २००१ मध्यें निघालेली ‘विंडोज एक्सपी’ तेव्हां असंख्य घरांत चालूच होती, आणि तिच्या नेहमीच्या आवृत्तीला हा नवा तक्ता वाचतां येत नसे.

तेव्हां पेटी बनविणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं एक आडवाट काढली, आणि आमच्या घरच्या कोड्याची किल्ली नेमकी येथें आहे. बाहेरून जोडावयाची डिस्क ‘यूएसबी’ या वाटेनें संगणकाशीं बोलते. या जोडणीचें पहिलें नियमपत्र १९९६ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालें, आणि तिच्या प्रमुख शिल्पकारांत इंटेलमधील अजय भट्ट हे होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे हे पदवीधर, ही गोष्ट गायकवाडांच्या बडोद्याविषयीं आपुलकी असणाऱ्या मराठी वाचकांस सुखावणारी आहे. हार्ड डिस्कची स्वतःची भाषा निराळी आणि यूएसबीची निराळी. म्हणून पेटींत दोहोंच्या मध्यें एक लहानसें मंडल दुभाष्याचें काम करितें. पेटी बनविणाऱ्यांनीं या दुभाष्याला शिकविलें कीं, संगणकानें विचारलें तर खण ५१२ बाईटांचा नव्हे, ४०९६ बाईटांचा आहे असें सांग. खण आठपट मोठा झाला, खणांची संख्या एक अष्टमांश झाली, आणि जुनाच तक्ता १७ टेराबाईटांच्याही पुढें पुरूं लागला. एक्सपी वापरणाऱ्यांस संपूर्ण डिस्क दिसूं लागली. जो तो संतुष्ट झाला.

आतां दुरुस्तीवाल्यानें काय केलें तें पाहा. पेटीला तो केवळ वेष्टन समजला आणि वेष्टनाबरोबर त्यानें दुभाषाही बाजूस ठेविला. पहिला खण दोन्ही मापांत एकाच जागीं सुरू होतो. त्यामुळें तक्ता संगणकाला बिनचूक सांपडला. तक्त्यांत समजा लिहिलें होतें, “२५६ व्या खणापासून आरंभ.” लिहिणाराचा खण ४०९६ बाईटांचा, वाचणाराचा ५१२ चा, म्हणून वाचणारा खऱ्या अंतराच्या आठव्या हिश्श्यावरच थांबला, आणि तेथें अर्थातच त्याला कांहीं ओळखीचें दिसेना. लांबीही त्यानें त्याच मापानें मोजली: तीन टेराबाईटांचा आठवा हिस्सा तो साडेतीनशें गिगाबाईटांचा तुकडा. सभासदाच्या बखरींत शिवकालीन मोजणीची काठी पांच हात पांच मुठींची सांगितली आहे. निवाड्यांत अमुक काठ्यांवर बांध आहे असें लिहिलेलें असावें, आणि मोजणी करणाऱ्यानें भलतीच आंखूड काठी घेऊन जावें, तर तो शेजाऱ्याच्या शेतांत उभा राहून, “येथें बांध नाहीं, निवाडा खोटा आहे,” असेंच म्हणेल. आमचा संगणक तेंच म्हणत होता. निवाडा खरा होता, बांधही होता. काठी बदलली होती.

एवढें कळल्यावर उपाय सोपा होता. जुन्या रेडिओंची दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराकडून पेटीचें सैल तोंड कथिलानें झाळून घेतलें, डिस्क पूर्ववत् तिच्या मंडलाला जोडली, आणि संगणकावर वडिलांच्या हातचीं सारीं नांवें एकामागून एक उमटलीं.

प्रत्येक न दिसणाऱ्या डिस्कची गोष्ट हीच असते असें नाहीं. परंतु जो शोध करावयाचा, तो बाहेरून आंत, क्रमानें करावा. प्रथम वीज: यूएसबीची दुसरी आवृत्ती एका खांचेंतून ५०० मिलिअँपियरच देऊं करिते, आणि फिरूं लागतांना लहान डिस्कलाही कधीं कधीं त्याहून अधिक लागते, म्हणून तार आणि खांच बदलून पाहावी. मग विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटच्या यादींत डिस्क आहे काय, तें पाहावें. तेथें ती सुस्थितींत असून तिला अक्षर तेवढें मिळालेलें नसेल, तर तें देतांच काम भागतें. ॲपलच्या किंवा लिनक्सच्या संगणकावर तयार झालेली डिस्क विंडोजला बहुधा वाचतां येत नाहीं. तेथें दोष डिस्कचा नसून लिपीचा असतो, आणि मोडी न जाणणाऱ्यानें मोडी कागद कोरा ठरवूं नये, हें आपणांस निराळें सांगावयास नको. तबकडींतून खरखर ऐकूं आली, तर मात्र ती तत्काळ थांबवून जाणत्याच्या हातीं द्यावी. आणि कारण उमगेपर्यंत फॉरमॅटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणूं नये. झटपट फॉरमॅट मुख्यतः यादी पुसून नवी कोरी यादी लिहितें, खणांतील मजकूर बराचसा तसाच राहतो, हें खरें. पण विंडोजच्या व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांतील पूर्ण फॉरमॅट खणही शून्यांनीं भरून टाकितें, आणि तेथून परतीची वाट नाहीं.

१९३० पासून पुढील कांहीं वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. ते कागद त्या वर्षीं निर्माण झाले नव्हते. शंभराहून अधिक वर्षें ते रुमालांत होतेच. कोणीतरी बसून ते उलगडले, वाचले आणि त्यांची याद केली, म्हणून ते महाराष्ट्राला दिसले.

आमच्या रुमालाच्या आतां तीन नकला आहेत. त्यांतील एक बहिणीकडे नागपुरास ठेविली आहे. पुतण्यानें त्या रात्रीं पणजीचा अर्ज मोठा करून पाहिला आणि विचारलें, “काका, हें तिनें स्वतः लिहिलेंय?” मीं म्हटलें, “नाहीं, लिहिणारा कारकून, निशाणी तिची.” अर्जाच्या खालीं एक लहानशी बांगडी काढलेली होती. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला होता. गेल्या महिन्यापासून तो मोडी शिकत आहे.