कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे काय? शहराची दानपेटी नेमकी चालते कशी?

समजा, तुमच्या पणजोबांनी गावच्या धर्मशाळेसाठी पैसे ठेवले आणि कागदावर अट घातली: ‘बैलगाडीने येणाऱ्या वाटसरूंच्या चारापाण्यासाठीच वापरावेत’. आज गावात बैलगाडीने मुक्कामाला कोणी येत नाही. शाळेचं छप्पर मात्र गळतंय. पैसे आहेत, गरज आहे, पण अट आडवी येते. मग काय करायचं?

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अमेरिकेत जवळपास असंच घडलेलं आहे. सेंट लुईस शहराचे महापौर राहिलेले ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेले जे गरीब लोक सेंट लुईसमध्ये अडकतात, त्यांच्या मदतीसाठी त्यांनी मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा ठेवला होता. त्या काळी ही गरज खरीच होती. पुढे रेल्वे आली, घोडागाड्यांचे तांडे थांबले. अडकलेले प्रवासी मिळेनात, आणि निधी मात्र होता तिथेच राहिला. अशा प्रकाराला इंग्रजीत ‘डेड हँड’ म्हणतात. म्हणजे मेलेल्या माणसाचा हात, जो जिवंतांच्या पैशावरची पकड सोडत नाही.

एका बँकवाल्याने काढलेला तोडगा

क्लीव्हलँडमधले फ्रेडरिक गॉफ मूळचे वकील, नंतर क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष. लोकांची मृत्युपत्रं आणि त्यातल्या अटी सांभाळणं हे बँकेचं रोजचंच काम. त्यातून त्यांनी एक कल्पना मांडली. प्रत्येक श्रीमंताने वेगळा ट्रस्ट काढण्यापेक्षा सगळ्यांनी पैसे एका छत्राखाली ठेवायचे. मुद्दल गुंतवायचं, उत्पन्न शहरावर खर्च करायचं. २ जानेवारी १९१४ ला ‘क्लीव्हलँड फाउंडेशन’ सुरू झालं. जगातलं पहिलं कम्युनिटी फाउंडेशन म्हणून तेच ओळखलं जातं.

यातल्या दोन गोष्टी खरोखर हुशारीच्या होत्या.

पहिली: पैसे बँकेने सांभाळायचे, पण कुणाला द्यायचे हे बँकेने ठरवायचं नाही. त्यासाठी पाच जणांची वेगळी समिती. त्यातले दोनच बँकेने नेमलेले. उरलेल्यांपैकी एक महापौरांनी आणि दोघे न्यायाधीशांनी नेमायचे. पैसा सांभाळणारा आणि पैसा वाटणारा एकच नको, हा साधा हिशोब. आपल्याकडच्या कितीतरी मंडळांच्या वार्षिक सभेत होणारी भांडणं नेमकी याच मुद्द्यावर असतात.

दुसरी: देणगीदाराने सांगितलेलं कारण कालबाह्य झालं किंवा अशक्य झालं, तर त्याच्या इच्छेच्या जवळचं दुसरं काम निवडण्याचा अधिकार फाउंडेशनकडेच. दरवेळी कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. माझ्या मते संपूर्ण कल्पनेचा कणा हाच आहे. बाकी सगळं व्यवस्थापन.

सुरुवातीला फाउंडेशनकडे वाटायला फारसे पैसे नव्हते. कारण उघड आहे, बरेचसे पैसे मृत्युपत्रांतून येणार होते आणि देणारे अजून हयात होते! मग त्यांनी शहराचाच अभ्यास करायला घेतला. १९१५ मध्ये क्लीव्हलँडच्या शाळांची पाहणी सुरू झाली आणि तिचा अहवाल २५ खंडांमध्ये निघाला. आधी गरज मोजायची, मग पैसे द्यायचे, ही सवय तिथून लागली.

सामान्य देणगीदाराला काय मिळतं?

तुम्हाला वेगळा ट्रस्ट नोंदवावा लागत नाही, हिशोबनीस ठेवावा लागत नाही. आईच्या नावाने फाउंडेशनमध्येच एक निधी उघडता येतो. कुणी ‘मुलींच्या शिक्षणासाठी’ असा विषय ठरवून देतं, कुणी एका ठरावीक संस्थेचं नाव देतं, कुणी सगळंच फाउंडेशनवर सोपवतं. अमेरिकेत अशा निधीतून दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के रक्कम वाटली जाते. म्हणजे १० लाखांचा निधी असेल तर वर्षाला ४०-५० हजार रुपये, आणि मुद्दल शिल्लक. या सेवेचं शुल्क मात्र कापलं जातं, ते आधी विचारून घ्यावं.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात पैसे आज द्यायचे, करसवलत आज घ्यायची आणि ते कुणाला जावेत याचा सल्ला नंतर सावकाश द्यायचा. न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टने १९३१ मध्ये हा मार्ग सुरू केला. यावर सर्वांत जास्त टीकाही होते. कारण ठरावीक मुदतीत पैसे वाटलेच पाहिजेत, असं बंधन अमेरिकेच्या कायद्यात या निधींवर नाही. देणारा सवलत घेऊन मोकळा, गरजू मात्र वाट बघतोय.

निव्वळ अनुदान वाटण्यापलीकडेही ही संस्था काम करते. क्लीव्हलँडमध्ये मोठी रुग्णालयं आणि विद्यापीठ आहे, पण त्यांच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये बेकारी. फाउंडेशनने या सगळ्यांना एका टेबलावर बसवलं. त्यातून ‘एव्हरग्रीन’ या कामगारांच्याच मालकीच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. पहिली होती मोठी लाँड्री. रुग्णालयांसारख्या संस्थांचे कपडे धुवायचे आणि नफ्यातला वाटा कामगारांना. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल (त्यातले धोकेसुद्धा).

आपल्याकडे का रुजलं नाही?

प्रयत्न झाला आहे. मुंबईत १९९१ मध्ये ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ याच कल्पनेवर सुरू झाला. पण इथे कायदा वेगळा आहे. ट्रस्टचा मूळ हेतू निरुपयोगी झाला, तर महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५५ खाली धर्मादाय आयुक्त आणि कोर्ट या मार्गाने जावं लागतं.

दुसरी अडचण पैशाच्या प्रवासाची. कम्युनिटी फाउंडेशनचं कामच मुळी दुसऱ्या छोट्या संस्थांना पैसे देणं. पण धर्मादाय ट्रस्टला करमाफीसाठी उत्पन्नातला ८५ टक्के भाग खर्च करावा लागतो आणि २०२३ च्या वित्त कायद्याने केलेल्या बदलानुसार दुसऱ्या ट्रस्टला १०० रुपये दिले, तर त्यातले ८५ च खर्च म्हणून धरले जातात. परदेशी देणगीबाबत तर दारच बंद आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली मिळालेले पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी इथे एक बारीक फरक आहे. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असाल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. ओसीआय कार्ड असेल तर धरली जाते. त्यामुळे न्यू जर्सीत एकाच घरात राहणाऱ्या नवरा-बायकोने गावच्या संस्थेला दिलेले पैसे दोन वेगळ्या नियमांखाली येऊ शकतात. आणि भारतात असाल तर एवढं तपासा: नव्या करप्रणालीत देणगीवर वजावट मिळत नाही आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर मिळत नाही.