हॉकिंगच्या काठचा ठराव



अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची कथा आपण बॉस्टनच्या बंदरात बुडवलेल्या चहापासून सांगतो. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, त्यामुळे ती कथा आपल्याला थोडी घरचीही वाटते. आज मात्र मी त्या बंदरापासून शेकडो मैल दूरचा, अरण्यातील एक प्रसंग निवडला आहे. ५ नोव्हेंबर १७७४ रोजी, हॉकिंग नदी ओहायोला जेथे मिळते तेथील फोर्ट गोवर या लाकडी गढीत व्हर्जिनिया वसाहतीच्या फौजेतील अधिकारी जमले आणि त्यांनी एक ठराव केला. लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटण्यास तेव्हा अजून साडेपाच महिने अवकाश होता.

ही माणसे तेथे कशी पोहोचली, हे आधी पाहावे लागेल. १७६८ च्या तहाने ओहायोच्या दक्षिणेची भूमी इरोक्वॉय लोकांनी इंग्रजांना लिहून दिली. पण त्या भूमीत शिकार करून जगणाऱ्या शॉनी लोकांना कोणी विचारलेच नाही. पुढे वसाहतवाले तेथे घुसले, रक्तपात झाला, आणि व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने १७७४ मध्ये शॉनींवर स्वारी केली. १० ऑक्टोबरला पॉइंट प्लेझंट येथे अँड्र्यू लुईसच्या तुकडीची कॉर्नस्टॉक या शॉनी सरदाराशी दिवसभर झुंज झाली. व्हर्जिनियाचे सुमारे पाऊणशे लोक पडले, पण शॉनींना माघार घ्यावी लागली व नदीच्या दक्षिणेकडील शिकारीचा हक्क सोडावा लागला. डनमोरबरोबरची दुसरी तुकडी परतीच्या वाटेवर फोर्ट गोवरला थांबली. फिलाडेल्फियास भरलेल्या काँग्रेसची वार्ता त्यांना तेथे कळली.

आता ठरावाकडे येऊ. आरंभी एका अधिकाऱ्याचे छोटे भाषण आहे. त्याचे नाव नोंदलेले नाही. तो म्हणतो त्याचा आशय असा : आपण तीन महिने रानात आहोत, बॉस्टनची वा फिलाडेल्फियाची खबर आपल्याला नव्हती. आपली माणसे आठवडे न् आठवडे भाकरी-मिठावाचून राहू शकतात, उघड्या आभाळाखाली झोपू शकतात, आणि चालण्यात व नेमबाजीत कोणाला हार जाणार नाहीत. एवढी सशस्त्र माणसे एकत्र पाहून देशबांधवांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून ही शस्त्रे कोणत्या कामी येतील ते आपणच सांगून टाकू.

मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जिंकून आलेली फौज सहसा बक्षीस मागते. येथे तीच स्वतःविषयीचे भय ओळखून आश्वासन देत आहे.

ठरावाची भाषा तर एखाद्या मुरलेल्या कारकुनास शोभावी अशी आहे. राजा तिसरा जॉर्ज याच्याशी निष्ठा आहे, प्राण गेला तरी ती पाळू. पण राजा शूर व स्वतंत्र प्रजेवर राज्य करण्यात आनंद मानील तोवर. त्या एका ‘तोवर’मध्ये पुढची दोन वर्षे दडलेली आहेत. स्वातंत्र्यप्रेम आणि अमेरिकेचे न्याय्य हक्क इतर साऱ्या गोष्टींहून जड आहेत. त्यांच्या रक्षणासाठी सारे बळ वेचू, मात्र दंगा करून नव्हे, देशबांधवांनी एकमुखाने व रीतसर हाक दिली तरच. दुसऱ्या कलमात खुद्द डनमोरचा गौरव आहे, आणि त्यात ढोंग दिसत नाही. डनमोरने मे महिन्यातच बॉस्टनच्या सहानुभूतीवरून व्हर्जिनियाची विधिसभा बरखास्त केली होती. तरी ज्याच्याबरोबर रान तुडवले त्याला नावे ठेवणे त्यांना रुचले नसावे. खाली सही एकट्या लेखनिकाची, बेंजामिन ॲशबीची, सर्वांच्या वतीने.

याला स्वातंत्र्याचा पहिलावहिला उद्घोष म्हणणारे लेखक आहेत. ते मला मान्य नाही. त्याच वर्षी जुलैत फेअरफॅक्स परगण्याच्या नागरिकांचे ठराव झालेच होते. वेगळेपण इतकेच, की हे हातात बंदूक असलेल्यांचे बोलणे होते. त्यात जमिनीची भूकही होती, हे विसरू नये. त्याच उन्हाळ्यात पार्लमेंटने ओहायोच्या उत्तरेचा प्रदेश क्वेबेकला जोडून व्हर्जिनियाचा दावा उडवून लावला होता.

ठराव २२ डिसेंबर १७७४ च्या ‘व्हर्जिनिया गॅझेट’मध्ये छापला गेला. त्यानंतर आठवडाभरातच इकडे मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांचा ठाण्याचा किल्ला घेतला. एकीकडे साम्राज्याला तडा जात होता आणि दुसरीकडे ते साष्टीत पाय रोवत होते.

पुढे एप्रिल १७७५ मध्ये डनमोरने विल्यम्सबर्गचा दारूसाठा रात्री हलवला, जूनमध्ये त्याला जहाजाचा आश्रय घ्यावा लागला, आणि नोव्हेंबरात त्याने बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील त्यांना मुक्ती जाहीर केली. स्वातंत्र्याचा हा दुसरा जाहीरनामा फोर्ट गोवरच्या गौरवमूर्तीनेच काढला, तोही त्यांच्याविरुद्ध! जुलै १७७६ मध्ये ग्विन बेटावर तोफा डागून त्याला हुसकावणारा सेनानी पॉइंट प्लेझंटचा अँड्र्यू लुईसच होता.

कॉर्नस्टॉकने मात्र तह पाळला. १७७७ मध्ये तो मित्रभावाने पॉइंट प्लेझंटच्या किल्ल्यात आला असता त्याला अटकेत ठेवले गेले, आणि नोव्हेंबरात तेथील शिबंदीने त्याला व भेटीस आलेल्या त्याच्या मुलाला गोळ्या घातल्या.