घंटेखालून आल्दोन्याला

चेलाडी फाट्याला एसटीतून उतरून, नसरापूरची पेठ ओलांडून तुम्ही बनेश्वरला आला आहात. वैशाख आहे. झाडीतल्या ओढ्याला पाणी जेमतेम उरलंय. देवळात वर पाहिलंत तर मोठी घंटा. तिच्या धातूवर एक क्रूस आणि 1683 हा आकडा. ही घंटा मुळात शंकराची नव्हे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांकडून ती इकडे आली. टोल द्या. घुमणारा नाद विरेपर्यंत डोळे मिटून घ्या.

डोळे उघडता तेव्हा समोर तशीच घंटा आहे, पण चर्चच्या मनोऱ्यात. साल 1926, गाव गोव्यातलं आल्दोना. चर्चच्या शाळेत मुलं ओळीनं उभी राहून सुरावली म्हणताहेत: दो, रे, मी. हातात वाद्य यायला अजून बराच अवकाश आहे. आधी कागदावरचे काळे ठिपके गळ्यानं वाचता यायला हवेत. गोव्याच्या गावोगावी ही तालीम चालते. पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांना समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवणारी माणसं मिळाली ती इथूनच. आन्तोनियो झेवियर वाझ याच गावचा, 1916चा जन्म. पुढे जग त्याला चिक चॉकलेट म्हणणार आहे.

वीस वर्षं पुढे चला. मुंबई, ताजमहाल हॉटेल. चिकचा वाद्यवृंद वाजतोय. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा देव. त्याच्यासारखाच घोगरा आवाज लावून तो गातो, ट्रम्पेट वर उचलून त्याच्यासारखाच सूर ताणतो. लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणतात. मला मात्र त्यात नकलेपेक्षा भक्ती जास्त ऐकू येते. चर्चमधली प्रार्थना, घरची मांडो गाणी आणि दूर न्यू ऑर्लिन्सचा जॅझ, सगळं एकाच छातीत आहे, आणि कुठलंही दुसऱ्याला हटवत नाही.

आता त्याच्या अगदी जवळ जा. ओठ पाहा. तोंडाशी धरलेल्या वाटीत मिटलेले ओठ थरथरतात आणि नळीतली हवा बोलू लागते. हे तुम्हाला परकं नाही. नसरापुरात पालखीपुढे तुतारीवाला हेच करतो. पण तुतारीची नळी एकाच लांबीची. त्यामुळे तिच्यातून ठरावीकच सूर निघतात आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. ट्रम्पेटच्या तीन कळा त्या जागा भरतात. मधली कळ दाबली की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिलीनं एका, तिसरीनं दीड. एवढ्या तीन बोटांवर आख्खं सप्तक. बाकी सगळं ओठ आणि दम. ओठ थकले की कुठलीही कळ वाचवत नाही. म्हणून ट्रम्पेटवाला सूर जपून खर्च करतो.

1949च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतली नाचगाणी ओसरली. वादकांना आधार उरला तो सिनेमाचा.

आणि तुम्ही उभे आहात ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, 1951च्या सुमारास. गाणी ‘अलबेला’ची, संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र. चाल त्यांच्या मनातली, वळणात मराठी मुलखाची माया. ती कागदावर उतरलीय ती विलायती लिपीत. ट्रम्पेटच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असतो, कानाला मात्र ‘बी फ्लॅट’ येतो. हा हिशेब वादकाच्या अंगात मुरलेला असावा लागतो. गायक मायक्रोफोनजवळ, व्हायोलिनं त्यामागे आणि ट्रम्पेट भिंतीशी, कारण त्याचा एक सूर सगळ्यांना झाकून टाकेल. तोडजोड नाही. कुणाचंही बोट चुकलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून. तालाची चाळीस मापं मुकाट्यानं मोजायची आणि एकेचाळिसाव्याला ओठ थंड असतानाही सूर अचूक लावायचा. ही शिस्त मला कुठल्याही रियाजाइतकीच थोर वाटते.

‘अलबेला’त चिक आणि त्याचे साथीदार झालरीच्या पोशाखात पडद्यावरही दिसतात. पण गाण्याच्या तबकडीवर त्यांचं नाव कुठे आहे? संगीतकार आणि गायक एवढीच नावं. मागे भिंतीशी उभं राहून ज्यांनी त्या गाण्यांना झळाळी दिली त्यांची नावं कुणी छापली नाहीत, आणि हे मला आजही सलतं. 1966च्या ‘आखरी खत’मध्ये तरुण भूपिंदर गातो, शेजारी चिकचा ट्रम्पेट झळकतो. पुढच्याच वर्षी, 1967 साली, चिक गेला.

टोल विरला. तुम्ही परत बनेश्वरला.

पेठेकडून वरात येतेय. बँडवाल्यांचे लाल कोट घामानं ओले झालेत. त्यांनी ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ लावलंय. सत्तर वर्षांहून जुनं गाणं, तरी पोरं नाचताहेत. ताशाच्या मागे एक पोरसवदा ट्रम्पेटवाला गाल न फुगवता वाजवतोय. कडव्याआधीच्या जागेपाशी तो थांबतो, मनात मापं मोजतो, आणि उचलतो. नेमका. तुम्ही वरातीतून वाट काढत त्याच्याजवळ जाता, गाणं संपायची वाट पाहता, आणि पहिल्यांदाच एका ट्रम्पेटवाल्याला त्याचं नाव विचारता.