एमएच-०२ ची दुसरी खेप

टेम्पो हा शब्द आपण इतका आपलासा केलाय, की लग्नाचं सामान असो की कोबीच्या गोणी, "टेम्पो सांगितलाय" म्हटलं की भागतं. गाडी कुठल्या का कंपनीची असेना. खरं म्हणजे टेम्पो हे एका जर्मन कारखान्याचं नाव. त्या कारखान्याशी करार करून नवलमल फिरोदियांनी १९५८ साली मुंबईत, गोरेगावला, तीनचाकी मालगाडी बनवायला घेतली. तिचं नाव हॅन्सिट. पुढं १९६४ साली कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि १९६९ साली चारचाकी मॅटाडोर आली. कंपनी गेली पुण्याला, पण शब्द मात्र सगळ्या महाराष्ट्रात राहिला.

गोरेगावहून बोरीवलीकडं निघालं की मालाड सोडून कांदिवली लागते. तिथं आकुर्ली रोडला महिंद्राचा कारखाना. या कंपनीनं १९४७ च्या सुमारास अमेरिकन विलिज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. जीपच्या मागची बाकं काढून तिथं हौदा बसवला की झाली पिकअप. आधी जीप पेट्रोलवर चालायची. १९७३ नंतर तेल महागलं तसं लोकांनी त्यात डिझेल इंजिनं बसवून घेतली. पुढं १९८० च्या आसपास कंपनीनंच फ्रान्सच्या प्यूजो इंजिनाचा परवाना घेतला. टाटांची ४०७ आली १९८६ साली, आणि आपण जिला छोटा हत्ती म्हणतो ती एस २००५ साली. आमच्या भाजीच्या वाटेजवळच यातल्या काही गाड्यांचा जन्म झाला म्हणा ना.

आमची वाट म्हणजे वसई ते बोरीवली. आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्राच्या अंगाला. केळी, पालेभाजी, थोडी पानवेल. विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ला सुटली, तेव्हापासून आमच्या पट्ट्याचा माल रेल्वेनं जातोय. आई पहाटेच्या लोकलला टोपली घेऊन लगेजच्या डब्यात चढायची. टोपलीत मावेल आणि डोक्याला पेलेल तेवढाच माल. पावसात रुळांवर पाणी आलं की मेथी डब्यातच पिवळी पडायची. मी दहावी झालो आणि वाडीत उतरलो तेव्हाच ठरवलं होतं, की माल आपल्या चाकांवर न्यायचा.

पण नवी गाडी आमच्यासारख्यानं कधी घ्यायची? आधी कारखाने मोजके, गाडीसाठी नंबर लावून वाट बघायची. नव्वदीनंतर गाड्या मिळायला लागल्या तर बँकेला हप्त्याची हमी हवी, आणि केळीच्या लोंगराला कुणी हमी धरत नाही. म्हणून खेड्यातली पहिली गाडी बहुतेक वेळा शहराची उतरलेली असते.

ती शहरातून का उतरते यालाही इतिहास आहे. मुंबईतल्या धुराविरुद्ध स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संघटनेनं १९९९ साली उच्च न्यायालयात अर्ज केला. पुढच्या काही वर्षांत न्यायालयाचे आदेश निघाले आणि मुंबईतल्या आठ वर्षांवरच्या डिझेलच्या मालवाहू गाड्यांना सीएनजीसारख्या इंधनावर जाणं भाग पडलं. ज्याला ते परवडेना त्यानं गाडी मुंबईबाहेर विकली. लोकांची तक्रार खोटी नव्हती. सिग्नलला उभं राहिल्यावर माझेही डोळे चुरचुरायचे. पण त्या आदेशानं आमच्याकडं एमएच-०२ ची रांग लागली. तेव्हा बोरीवलीला स्वतःचं आरटीओ नव्हतं, अंधेरीचाच नंबर असायचा. एनओसी काढून गाडी ठाण्याला नावावर केली तरी नंबर तोच राहायचा. आमच्या पट्ट्यात गाडीचा नंबर वाचला की तिचं माहेर कळायचं.

मी २००६ साली घेतलेली गाडी १९९८ ची. बोरीवली पूर्वेला एका फर्निचरवाल्याकडची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आठ वर्षं दुसऱ्यानं राबवलेल्या गाडीची दुखणी कंपनीच्या माथी मारणं बरं नव्हे. बरोबर एक मिस्त्री होते, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मालक सांगत होता, किती किलोमीटर झाली, ॲव्हरेज किती देते. मिस्त्रींचं तिकडं लक्षच नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, गाडी किती चालली ते विचारू नका. काटा फिरवता येतो. ती उभी कुठं असायची ते विचारा."

मी विचारलं. गाडी दहिसर नदीच्या बाजूच्या गल्लीत उभी असायची. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. आदल्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. राष्ट्रीय उद्यानातून येणारी दहिसर नदी बोरीवली-दहिसरच्या वस्त्यांत घुसली होती. त्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, रंगवून बाजारात आल्या होत्या.

मग त्यांनी जे केलं ते मी मनात टिपून ठेवलंय, वाचणाऱ्याच्या कामी येईल. आधी बॉनेटवर हात ठेवला. गार आहे ना? विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो, म्हणजे गार इंजिनाची कुरकुर ऐकू येत नाही. मग स्टार्ट करून धूर बघितला. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. नोजल, पंप किंवा एअर फिल्टर बघायचा. निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय, रिंग-पिस्टनचं काम निघणार. गाडी तापल्यावरही पांढरा थांबला नाही तर पाणी आत शिरतंय, हेड गॅस्केट गेलं असेल. ऑइलचं झाकण काढून तळहात धरला, आतून फुंकर किती जोरात येते ते बघायला. पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवलं, किंगपिन ढिली आहे का बघायला. एक छोटं लोहचुंबक काढून दारावर फिरवलं. जिथं ते चिकटलं नाही तिथं पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी होती. शेवटी गिअरबॉक्सचं थोडं ऑइल बोटावर घेतलं. ताकासारखं पांढुरकं. आणि हेडलाइटच्या काचेच्या आत, वरच्या बाजूला, चिखलाची बारीक रेघ.

"पाण्यात होती," मिस्त्री म्हणाले. "इंजिन चांगलं आहे, उघडून साफ केलंय. वायरिंग तुम्हाला वर्षभर रडवेल. तेवढे पैसे कमी करून घ्या." मालकानं एक लाख दहा हजार सांगितले होते. रेघ दाखवल्यावर अठ्ठ्याहत्तरला तुटलं. तेवढंच माझ्या खिशात होतं, आणि काय घेतोय ते मला ठाऊक होतं.

मिस्त्री म्हणाले तसंच झालं. पहिल्या पावसात दिवा लावला की हॉर्न वाजायचा. सेल्फ मारायचा नाही, म्हणून मी गाडी उतारावरच लावायचो. वर्षाच्या आत वायरिंगचा गुच्छा नवा टाकला आणि ते दुखणं संपलं. मग रेडिएटर चोंदला. क्लच प्लेट दोनदा बदलली. दुसरा गिअर आपोआप सुटायचा, त्याला वरसोव्याच्या पुलावर हातानं धरून ठेवावं लागायचं. ब्रेकचं ऑइल मागच्या चाकातून गळायचं. पण यातलं एकही काम असं नव्हतं, की ज्याला पार्ट मिळाला नाही. नवा पार्ट ऑपेरा हाऊसला, जुना कुर्ल्याच्या भंगारात. रस्त्यावर बंद पडली तर काशीमिऱ्याचा पोरगाही पाना घेऊन आला की अर्ध्या तासात चालू. वर्षानुवर्षं तेच इंजिन बनत राहिल्यानं गल्लीगल्लीतल्या हातांना त्याची सवय झाली होती. जुन्या गाडीचा भरवसा म्हणतात तो निम्मा असा गाडीबाहेरच असतो.

बारा वर्षं ती पहाटे तीनला निघून पाचच्या आत बोरीवलीला टेकायची. शहरानं धुरासाठी जिला बाहेर घातलं, तिच्याच हौद्यातून शहराची मेथी यायची. २०१६ साली फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या झाल्या, त्यानंतर आम्ही सोसायट्यांच्या दारातही विक्री केली. मुलीचं डी.एड. आणि वाडीतली बोअरिंग, दोन्ही त्या हौद्यातून निघालं.

मग २०१८ च्या उन्हाळ्यात मागच्या पाट्याच्या मुळाशी चेसिसला चीर गेली. खालून टोचा मारला तर लोखंडाचे पापुद्रे निघाले. पुराचं पाणी एकदाच लागलं होतं. समुद्राचा खारा वारा मात्र आमच्या दारात बारा वर्षं लागला. त्यात आम्ही जास्त वजन पेलावं म्हणून पाटा वाढवलेला. पाटा वजन पेलतो, पण तो भार चेसिसवरच येतो. इंजिन तोवर हाकेसरशी उठत होतं.

पुतण्या म्हणाला, "काका, पट्टी मारून वेल्डिंग करू, दोन वर्षं सहज काढेल." केळीचा हंगाम तोंडावर होता, मलाही पटत होतं. मिस्त्री आता सत्तरीच्या पुढं गेलेले. त्यांना बोलावलं. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "पट्टी मी मारून देईन. पण हौद्यात कोण बसतं?"

हौद्यात वाडीतल्या चार बायका बसायच्या, टोपल्यांच्या मध्ये. पुलावरून जाताना गाणी म्हणायच्या. असं बसवणं कायद्यात नाही, पण पहाटे तीनला त्यांना दुसरं कोण नेणार? मी त्याच आठवड्यात गाडी मोडीत काढायची ठरवली. तो हंगाम भाड्याच्या टेम्पोनं गेला, हातात फार उरलं नाही.

सरकारचं मोडीचं धोरण २०२१ साली आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांच्या पासिंगची फी कित्येक पटींनी वाढली. जुनी गाडी ठेवणाऱ्याचा हिशेब आता कागदावरच चुकतो. पण नुसत्या वर्षांनी गाडी ओळखता येत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय. नदीकाठची आठ वर्षांची गाडी आत कुजलेली असू शकते आणि कोरड्या देशावरची वीस वर्षांची ठणठणीत.

भंगारवाला आला तेव्हा त्याच्याबरोबर इंजिनासाठी एक गिऱ्हाईक होतं, वाड्याकडचा तरुण शेतकरी. त्यानं विचारलं, "काका, किती चाललंय?" मी म्हटलं, "किती चाललंय ते काट्यावर जाऊ नका." आणि त्याला नदीकाठची गल्ली, पुराची रेघ, आमची समुद्राकडची पडवी, सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला.