नोलेसी हिवताप : परतलेल्या प्रवाशांतील निदान

माकडांच्या रक्तात वाढणाऱ्या प्लाझ्मोडियम नोलेसी या परजीवीमुळे माणसाला होणारा हिवताप. आग्नेय आशियातील जंगलांतून, विशेषतः बोर्निओतून परतलेल्या प्रवाशांत तो आढळतो. पण प्रयोगशाळेच्या अहवालात त्याचे खरे नाव पहिल्या फेरीत क्वचितच येते.

माकडातला हा परजीवी माणसातही वाढतो, हे 1932 मध्ये कलकत्त्यात रॉबर्ट नोल्स आणि बिराजमोहन दासगुप्ता यांनी दाखवले. नाव मात्र एकट्या नोल्सचे लागले. निसर्गतः लागण झालेला पहिला माणूस 1965 मध्ये सापडला, तोही प्रवासीच : मलेशियातील पाहांगमध्ये काम करून मायदेशी परतलेला अमेरिकी सर्वेक्षक. त्याच्या रक्तावर आधी फाल्सिपॅरमचा, मग मलेरीचा, म्हणजे माणसातील हिवतापाच्या नेहमीच्या परजीवींचाच शिक्का बसला. ते रक्त ऱ्हीसस माकडांना टोचल्यावर ती दगावली, तेव्हा उलगडा झाला. पुढे 2004 मध्ये बलबीर सिंग व सहकाऱ्यांनी सारावाकमधील कापित भागातल्या 208 रुग्णांचे रक्त पीसीआर या जनुकीय चाचणीने तपासले. 120 जणांत नोलेसी निघाला.

घोळ होतो तो काचपट्टीवर. कोवळा नोलेसी फाल्सिपॅरमच्या नाजूक कड्यासारखा दिसतो. जरा वाढला की तांबड्या पेशीवर आडवा पट्टा ओढल्यासारखा पसरतो, थेट मलेरीसारखा. फरक घड्याळात आहे. मलेरीचे चक्र 72 तासांचे, नोलेसीचे 24 तासांचे. त्यामुळे ताप रोज चढू शकतो आणि रक्तातील परजीवी झपाट्याने वाढतात; मलेरी सहसा तुरळकच असतो. पट्टे दिसताहेत, परजीवी भरपूर आहेत आणि रुग्ण बोर्निओहून आला आहे, तर तो नोलेसी समजूनच उपचार सुरू करावेत. पक्के निदान पीसीआरने होते.

झटपट चाचणीवर विसंबता येत नाही. भारतात सरकारी कार्यक्रमात वापरले जाणारे किट फाल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स या दोघांसाठी बनलेले आहे. त्यावर नोलेसी कधी व्हायवॅक्सची रेघ उमटवतो, कधी काहीच नाही.

गंभीर रुग्णाला शिरेतून आर्टेसुनेट देतात. सौम्य आजारात क्लोरोक्विनही चालते. नोलेसी यकृतात दडून बसत नाही, म्हणून प्रायमाक्विन लागत नाही. आफ्रिकेतून येणाऱ्या ओव्हेल या परजीवीचे तसे नाही : तो यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतो, आणि प्रायमाक्विन देण्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी करावी लागते. अशा रुग्णाला 'महिनाभरात कुठे गेला होता?' एवढे विचारून भागत नाही. गेल्या वर्षीचा प्रवासही काढावा लागतो.