खात्यात पैसे आहेत, तरी परदेशी सॉफ्टवेअरची फी का भरली जात नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आलेला माणूस नारळाचे पैसेही क्यूआर कोड स्कॅन करून देतो. त्याच कळंबमध्ये कुणी स्वतः बनवलेलं ॲप गूगल प्लेवर टाकायचं ठरवलं, तर आधी २५ डॉलर नोंदणी शुल्क भरावं लागतं. एकदाच, सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. खात्यात तेवढे पैसे असतात, पण ओटीपी न येताच स्क्रीनवर ‘कार्ड डिक्लाइन्ड’ झळकतं.

कार्ड कोणतं आहे?

जनधन खात्यावर मिळतं ते रुपे कार्ड. सरकारी आणि सहकारी बँकाही बऱ्याचदा तेच देतात. देशात ते सगळीकडे चालतं, पण साधं रुपे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी नसतं. त्यासाठी ‘रुपे ग्लोबल’ हा वेगळा प्रकार आहे. तो असला तरी समोरच्या साइटने स्वीकारायला हवा. गूगलच्या या शुल्कासाठीच्या यादीत व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस आहेत, रुपे नाही. प्रीपेड कार्डही चालत नाही.

व्हिसा आहे, तरी अडतं

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आदेश काढला. त्यानुसार नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात, ते ग्राहकाने स्वतः सुरू करायचे. ही सोय बँकेच्या ॲपमध्ये, कार्डाच्या सेटिंगमध्ये सापडते. बँकेच्या शाखेत विचारलं तर सांगतीलही, पण मुळात विचारायचं काय हेच अनेकांना माहीत नसतं.

नियम उगाच केलेला नाही. परदेशी साइटवर अनेकदा ओटीपीशिवाय, नुसत्या कार्ड नंबर आणि सीव्हीव्हीवर पैसे कापले जातात. म्हणून मर्यादा लागेल तेवढीच ठेवावी आणि काम झालं की परदेशी व्यवहार पुन्हा बंद करावेत.

दर महिन्याची फी असेल तर?

हा खरा डोकेदुखीचा भाग. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाची आगाऊ संमती नोंदवावी लागते आणि पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. ओटीपीशिवाय कापायची मर्यादा तेव्हा ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. पाच-दहा डॉलरची फी या मर्यादेत आरामात बसते. पण परदेशातल्या छोट्या कंपनीने ही व्यवस्था जोडलेलीच नसेल, तर पहिला हप्ता जातो आणि दुसरा अडकतो. एवढ्याशा भारतीय ग्राहकांसाठी ती यंत्रणा बदलेल, ही आशा कमीच. ॲपलसारख्या कंपनीनेही २०२२ मध्ये भारतात ॲप स्टोअरवर कार्ड घेणं थांबवलं. नेटबँकिंग, यूपीआय आणि ॲपल खात्यातली शिल्लक हे पर्याय ठेवले.

मग पुण्यातल्या दादाचं कार्ड मागितलं जातं. पण ते कार्ड बदललं किंवा त्याची मुदत संपली, की इथलं काम बंद पडतं.

वरचा खर्च

चलन बदलून देण्यासाठी बँका साधारण २ ते ३.५ टक्के घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्क्यांनी दर २,००० रुपयांमागे ७० रुपये आणि त्यावर १२ रुपये ६० पैसे.

यूपीआयने का नाही?

सिंगापूर, फ्रान्समध्ये यूपीआय पोहोचल्याच्या बातम्या येतात. फ्रान्समधली सोय तिथे गेलेल्या पर्यटकाला दुकानात पैसे देता यावेत म्हणून आहे, सिंगापूरची मुख्यतः नातेवाइकांना पैसे पाठवण्यासाठी. घरी बसून परदेशी साइटची फी भरायची तर त्या कंपनीने भारतासाठी रुपयांत दर ठेवून यूपीआय घ्यायला हवं. चॅटजीपीटी गो ऑगस्ट २०२५ मध्ये ३९९ रुपयांत आलं, ते यूपीआयसह.